परतफेड ९८ टक्के आहे, पण हप्ता येतो कुठून?

तुम्ही लिहिलंय की तुमची संस्था साधारण तीनशे बायकांना छोटी कर्जं (मायक्रोफायनान्स) द्यायच्या तयारीत आहे, भांडवल देणाऱ्यांनी ‘९८ टक्के परतफेड’ अशी अट घातली आहे आणि त्यावरून तुमच्या मनात तीन शंका आहेत. परतफेड इतकी चोख असते, तर विकसनशील देशांतली गरिबी हटत का नाही? गरिबांकडूनच २५-३० टक्के व्याज का घ्यायचं? आणि इतक्या देशांत हे काम जोमात वाढून मग एकाएकी का कोसळलं?

शंका रास्त आहेत, आणि तिन्हींचं मूळ मला एकाच जागी दिसतं. वसुलीच्या वहीत हप्ता आला की नाही एवढंच लिहिलं जातं. तो कुठून आला, हे लिहायला रकानाच नसतो. हप्ता पाच वाटांनी येऊ शकतो: कर्जातून उभ्या केलेल्या धंद्यातून, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कमाईतून, पोटाला चिमटा काढून, घरातली वस्तू विकून किंवा गहाण टाकून, आणि दुसरीकडून नवं कर्ज उचलून. पाचही हप्ते वहीत सारखेच दिसतात. पहिल्या दोन वाटांनी पैसा येत असेल तर कर्ज त्या घराला पेलतंय. तिसरी आणि चौथी वाट महिना-दोन महिने चालली तर समजू शकतो, पण वर्षभर तेच सुरू असेल तर कर्जाने घर पोखरलंय. पाचवी वाट म्हणजे याची टोपी त्याला. ती एका घरात असते तोवर त्या घरापुरती अडचण असते, निम्म्या वस्तीत असेल तर तुमची संस्था बुडायच्या वाटेवर आहे, मग वही काहीही सांगो.

एक आधीच सांगून टाकतो. वस्ती किती दाट आहे, तिथे आधीपासून किती जण कर्ज देतात, लोकांची मिळकत रोजची आहे की हंगामी, आणि तुमच्या देशाचा कायदा तुम्हाला ठेवी घेऊ देतो का, या चार गोष्टींवर उत्तर बरंच बदलतं. खालचं वाचताना आपली परिस्थिती शेजारी ठेवून वाचा.

वाढ कशी झाली ते थोडक्यात. १९७६ मध्ये बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर उसने दिले. त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. पाच जणींचा गट, दर आठवड्याला केंद्राची बैठक, वर्षभरात ५० समान हप्ते आणि तारण नाही, हा साचा तिथला. १९९२ मध्ये बोलिव्हियात बँकोसोल सुरू झाली आणि स्वयंसेवी संस्थेचं काम व्यापारी बँक म्हणूनही चालतं हे दिसलं. त्याच वर्षी भारतात नाबार्डने ५०० बचत गट बँकांना जोडण्याचा पथदर्शी प्रयोग हाती घेतला. २००६ मध्ये युनूस आणि ग्रामीण बँकेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, आणि २००७ मध्ये मेक्सिकोच्या कॉम्पार्तामोस या छोटी कर्जं देणाऱ्या बँकेने शेअर बाजारात पाऊल ठेवलं. तिथून भांडवलाची ददात राहिली नाही. तोवर कर्ज द्यायला पैसा कमी पडायचा, पुढे अनेक ठिकाणी पैसा वाटायला कर्जदार कमी पडू लागले. नंतरची बहुतेक दुखणी या बदलातून आली आहेत.

आता पहिली शंका. सहा देशांत (बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को) काटेकोर पद्धतीने तपासण्या झाल्या. काही वस्त्यांना किंवा अर्जदारांना कर्ज उपलब्ध करून दिलं, तशाच दुसऱ्यांना दिलं नाही आणि मग फरक मोजला. त्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांपैकी काहींचा तो वाढला. घरखर्च कसा भागवायचा, कोणतं काम करायचं, यात लोकांना थोडी मोकळीक मिळाली. पण सरासरी घराचं एकूण उत्पन्न लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही. सरसकट नुकसान झाल्याचंही दिसलं नाही.

हे निष्कर्ष मला पटतात, कारण रोजच्या कामात तेच दिसतं. छोटं कर्ज बहुतेक घरांत पैशाची तोंडमिळवणी करायला वापरलं जातं: दवाखाना, शाळेची फी, छप्पर, आधीच्या सावकाराचं देणं. त्यात गैर काही नाही. अडीनडीला एकरकमी पैसा हाती येणं ही गरीब घरासाठी मोठी सोय आहे. फक्त अर्जावर ‘शिलाई मशीन’ लिहून घ्यायचं, पैसा दवाखान्यात जायचा आणि हप्ता मात्र मशीनच्या कमाईच्या हिशेबाने ठरवायचा, हे बंद करा. खरं कारण लिहू द्या. खरं कारण कळलं तरच हप्ता कोणत्या मिळकतीतून येणार हे विचारता येतं.

दुसरी शंका व्याजाची. यात दोन वेगळे प्रश्न आहेत: दर जास्त का असतो, आणि सांगितलेला दर खरा असतो का.

दर जास्त असतो कारण कर्ज छोटं असतं. १० लाखांचं एक कर्ज द्या किंवा १०,००० ची शंभर द्या, रक्कम तीच, पण भेटी, कागद, बैठका आणि नोंदी शंभरपट. समजा एका कर्जामागे वर्षाला ५०० खर्च येतो (चलन कोणतंही धरा). १०,००० चं कर्ज आठवड्याला फिटत जातं, त्यामुळे वर्षभरात सरासरी येणं असतं साधारण ५,१०० च. म्हणजे नुसता चालवण्याचा खर्च जवळपास १० टक्के. तुम्ही स्वतः ११ टक्क्यांनी पैसा आणला, २ टक्के बुडीत धरले आणि अडीअडचणीसाठी ३ टक्के बाजूला ठेवले, की झाले २६. यातला चालवण्याचा खर्च तेवढा तुमच्या हातात आहे. म्हणून एका फील्ड ऑफिसरकडे कर्जदार किती, याला इतकं महत्त्व. दीडशे असतील तर खर्च झेपत नाही. पाचशेच्या पुढे गेले की तो घरी जाऊन चौकशी करायचं सोडतो आणि गटप्रमुखाच्या शब्दावर सह्या घेतो. दाट वस्तीत मी तीनशे ते चारशे धरतो, विखुरलेल्या वस्तीत त्याहून बरेच कमी.

सरकारने व्याजाला कमाल मर्यादा घातली की प्रश्न सुटेल असं अनेकांना वाटतं. कंबोडियाने २०१७ मध्ये वर्षाला १८ टक्के ही मर्यादा घातली. संस्थांनी प्रक्रिया शुल्क वाढवलं आणि अगदी छोटी कर्जं देणं कमी केलं, कारण खर्च तिथेच सगळ्यात जास्त. ज्यांच्यासाठी नियम केला तेच बाहेर पडले. केनियाने बँकांच्या व्याजावर २०१६ मध्ये मर्यादा घातली आणि छोट्या कर्जदारांना पतपुरवठा आटल्यावर २०१९ मध्ये ती काढून टाकली. मर्यादेपेक्षा खरा दर सांगण्याची सक्ती जास्त उपयोगी आहे असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण पुढच्या हिशेबात आहे.

कर्ज १०,०००, व्याज ‘१५ टक्के फ्लॅट’, ५० आठवडे. फ्लॅट म्हणजे फिटत चाललेल्या मुदलाचा विचार न करता पूर्ण १०,००० वर वर्षभराचं व्याज. एकूण ११,५०० परत करायचे, हप्ता २३०. पण बाईकडे १०,००० फक्त पहिल्या आठवड्यात असतात, पंचविसाव्या आठवड्यात निम्मेच उरतात. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर सुमारे २९ टक्के होतो. आता पैसे देतानाच २ टक्के प्रक्रिया शुल्क आणि १ टक्का विमा कापून घ्या. हातात ९,७०० पडले, हप्ता तोच: दर ३६ टक्के. त्यातून १,००० ‘सक्तीची बचत’ म्हणून ठेवून घ्या आणि शेवटी बिनव्याजी परत करा. हातात ८,७०० पडले: दर सुमारे ४४ टक्के. कागदावर १५ आणि खरा ४४, आणि यात कुणी खोटा आकडा लिहिलेला नाही. म्हणून तुमच्या कर्जपत्रावर ठळक अक्षरांत चारच गोष्टी असू द्या: हातात किती पडणार, हप्ता किती, एकूण हप्ते किती, एकूण किती परत करायचे. वार्षिक दर घटत्या शिलकीवर मोजून खाली लिहा. जिला वाचता येत नाही तिला हे चार आकडे तिच्या भाषेत सांगा आणि तिच्याकडून म्हणवून घ्या. ‘समजलं का?’ असं विचारलं तर सगळ्याच जणी ‘हो’ म्हणतात.

आता ९८ टक्के. पैसे देणाऱ्यांशी याच आकड्यावरून नीट बोला, कारण तो वाटतो तितका भरवशाचा नाही.

ठरलेल्या हप्त्यांपैकी ९८ टक्के आले म्हणजे वर्षाला भांडवलाचे २ टक्के बुडाले, असा समज होतो. पण येणं सरासरी निम्मंच असतं, त्यामुळे वर्षभराच्या कर्जावर बुडीत जवळपास ४ टक्के. कर्ज तीन महिन्यांचं असेल तर तोच पैसा वर्षात चार वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत तितकीच गळती होते, म्हणजे १६ टक्के. वसुली ९५ टक्के आणि मुदत तीन महिने असली तर वर्षाला ४० टक्के भांडवल गळून जातं. ९५ टक्के ऐकायला उत्तम गुण वाटतात, पण त्या हिशेबाने संस्था अडीच-तीन वर्षांत संपते.

त्याऐवजी ३० दिवसांची थकीत जोखीम मोजा. ज्या कर्जाचा एक जरी हप्ता ३० दिवसांपेक्षा जास्त थकलाय, त्या कर्जाची संपूर्ण उरलेली रक्कम धरायची (फक्त थकलेला हप्ता नव्हे) आणि तिला एकूण येण्याने भागायचं. ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. १० च्या वर गेलं तर नवी कर्जं थांबवून घरोघर जायची वेळ आली. हा आकडाही तीन रीतींनी झाकता येतो. एक म्हणजे वाढ. येणं १००, थकीत ६, म्हणजे ६ टक्के. वर्षात येणं २०० केलं आणि थकीत ८ झालं, तर टक्केवारी ४ वर आली. परिस्थिती बिघडली आणि आकडा सुधारला, कारण नव्या कर्जांना थकायला अजून वेळच मिळालेला नाही. म्हणून ज्या महिन्यात कर्जं दिली त्या महिन्याची तुकडी वेगळी ठेवून तिचं पुढे काय झालं ते पाहायचं. दुसरी रीत म्हणजे नवं-जुनं: थकलेलं कर्ज नव्या, मोठ्या कर्जातून फेडून घ्यायचं. मुदतीआधी फिटलेलं कर्ज आणि त्याच आठवड्यात त्याच बाईला दिलेलं मोठं कर्ज, अशा जोड्या नोंदींत शोधा. तिसरी रीत म्हणजे बुडीत कर्ज लवकर निर्लेखित करणं, म्हणजे येण्याच्या हिशेबातून काढून टाकणं.

कागदांपलीकडे काय पाहायचं? बैठकीत जाऊन मागे बसा. थकबाकीच्या आधी हजेरी घसरते, आणि ही सूचना बरेच आठवडे आधी मिळते. एकाच बाईने पाच जणींचे हप्ते आणले तर कारण विचारा. कधी ती खरंच शेजारणींचे आणते, कधी पाचही कर्जं तिनेच वापरलेली असतात आणि बाकीच्या चौघींनी फक्त सही दिलेली असते. पासबुक उघडा. दर आठवड्याच्या नोंदीची शाई आणि अक्षराचा कल थोडा थोडा बदलायला हवा. बारा आठवड्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसल्या, तर त्या खरोखरच एका बैठकीत लिहिलेल्या असतात. आणि ऑफिसर शेवटचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरतोय का, हेही बघा. उद्दिष्ट १०० टक्क्यांचं असलं की चांगला माणूससुद्धा ते करू लागतो, आणि मग खरी थकबाकी वर कळतच नाही.

आतापर्यंतचं एकत्र धरलं तर असं: परतफेडीचा आकडा घराची अवस्था सांगत नाही, फ्लॅट दर खरा खर्च सांगत नाही, आणि वाढ चालू असेतो थकबाकी दिसत नाही. तिसऱ्या शंकेचं उत्तर या तिन्हींच्या बेरजेत आहे.

बोलिव्हियात १९९९-२००० मध्ये, निकाराग्वात, मोरोक्कोत, बोस्नियात आणि पाकिस्तानात २००८ च्या आसपास, आणि भारतात आंध्र प्रदेशात २०१० मध्ये जे झालं, त्यात स्थानिक कारणं वेगवेगळी होती. निकाराग्वात कर्ज न फेडण्याची चळवळ उभी राहिली. आंध्रात ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएस मायक्रोफायनान्स या कंपनीचे शेअर बाजारात आले, त्याच सुमारास वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि तिथली वसुली जवळजवळ ठप्प झाली. पण ठिणगी पडण्याआधीची स्थिती सगळीकडे सारखी होती: अनेक संस्था त्याच वस्त्यांत, त्याच घरांना कर्ज देत होत्या. आंध्रातल्या अनेक घरांत बचत गटाचं कर्ज, एक-दोन संस्थांची कर्जं आणि सावकार एकाच वेळी होते. संस्था इतक्या वेगाने वाढत होत्या की शाखाप्रमुख झालेल्या माणसाने स्वतः पुरतं एक वर्षही कर्ज हाताळलेलं नसायचं. आणि ऑफिसरचा भत्ता किती वाटलं यावर ठरत होता, कुणाला वाटलं यावर नाही.

असं कोसळताना प्रामाणिक कर्जदारही फेडायचं थांबवतो. यात त्याची लबाडी नसते. तारणाशिवाय दिलेलं कर्ज लोक फेडतात ते पुढचं कर्ज मिळेल या भरवशावर. संस्था टिकणार नाही असं दिसलं की तो भरवसा जातो आणि हप्ता भरायचं कारणच उरत नाही. म्हणून एका भागात वसुली तुटली की ते लोण बघता बघता शेजारच्या भागात पोचतं.

यानंतर भारतात नियम आले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीच्या अहवालानंतर २०११ मध्ये बँकेने या संस्थांचा वेगळा वर्ग केला. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचं विनातारण कर्ज म्हणजे सूक्ष्मकर्ज अशी व्याख्या आहे, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असं बंधन आहे. कर्जदाराऐवजी पूर्ण घर धरणं आणि सगळ्या संस्थांची कर्जं एकत्र मोजणं, या दोन्ही गोष्टी योग्य आहेत. पण निम्मं ही गरीब घरासाठी फार वरची पातळी आहे. खालचं उदाहरण बघा.

एका घरात नऊ महिने ९,८०० येतात आणि तीन महिने ६,५००. सरासरी साधारण ९,०००. खर्च महिन्याला ७,५००. शिल्लक १,५००. नियमाने या घराला ४,५०० पर्यंत हप्ता चालतो, प्रत्यक्षात १,५०० च्या पुढे चालत नाही. वरचं १०,००० चं कर्ज घेतलं तर आठवड्याला २३० म्हणजे महिन्याला साधारण १,०००. सरासरीने बसतं. पण तंगीच्या तीन महिन्यांत हप्त्याआधीच १,००० कमी पडतात, हप्ता धरून २,०००. तीन महिन्यांचे ६,००० हे घर कुठून आणणार? नऊ महिन्यांत २,३०० महिना उरत होते, हप्ता जाऊन १,३०० राहिले. ते बाजूला पडले असतील तर निभावेल, नाहीतर पाचवी वाट.

म्हणून कर्ज देण्याआधी प्रत्येक घराचा बारा रकान्यांचा कागद करा. वर महिने, खाली चार ओळी: येणारा पैसा, ठरलेला खर्च, इतर सगळ्यांचे हप्ते (सावकार, दुकानाची उधारी, नातेवाइकांची उसनवारी धरून), आणि उरलेलं. एका घराला चाळीस-पन्नास मिनिटं लागतात. मिळकत विचारताना ‘महिन्याला किती?’ असं विचारू नका, त्याला कुणीच नीट उत्तर देऊ शकत नाही. काल किती आले, गेल्या आठवड्यात किती दिवस काम मिळालं, वर्षात सर्वांत वाईट महिना कोणता आणि त्या महिन्यात काय केलं, असं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं असतं. मग हप्ता वाईट महिन्याकडे बघून ठरवा. वाईट महिन्यात शिल्लक नसेलच तर तीन पर्याय आहेत: कर्ज लहान करणं, त्या महिन्यांत फक्त व्याज घेणं, किंवा तंगी येण्याआधी फिटेल अशी छोटी मुदत ठेवणं. क्रेडिट ब्युरो (कुणावर कोणत्या संस्थेचं किती कर्ज आहे याची नोंद ठेवणारी संस्था) असेल तर अहवाल काढाच, पण सावकाराचं आणि उधारीचं त्यात काही येत नाही.

आठवड्याचा हप्ता की महिन्याचा? रोज मिळकत असणाऱ्यांना आठवड्याचा सोयीचा, हातात पैसा साठून खर्च होत नाही. जनावर, शेती किंवा माल साठवून विकणं अशा कामांना तो मारक, कारण कमाई सुरू व्हायच्या आधीच हप्ता सुरू होतो आणि पहिले हप्ते कर्जातूनच भरले जातात. कोलकात्यात झालेल्या एका प्रयोगात काही कर्जदारांना पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी, तर काहींना दोन महिन्यांनी सुरू केला. सवलत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे त्यांचा नफाही जास्त राहिला, पण थकबाकीही वाढली. दोन्ही खरं आहे. सवलत द्यायची असेल तर ती धंदा आधीपासून करत असलेल्यांपासून सुरू करा आणि वाढणारी थकबाकी आधीच हिशेबात धरा.

एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, या जामिनकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गट ठेवा, दंड म्हणून एकमेकींच्या खिशात हात घालायला लावू नका. ग्रामीण बँकेनेच १९९८ च्या महापुरानंतरच्या अडचणींतून शिकून २००१-०२ पासून आपली पद्धत बदलली आणि हप्ते लवचिक केले. फिलिपिन्समध्ये आधीच्या गटांमधली सामूहिक जामिनकी काढून वैयक्तिक जबाबदारी ठेवली, बैठका तशाच चालू ठेवल्या, आणि थकबाकी वाढली नाही. परतफेड टिकते ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, सगळ्यांसमोर होणाऱ्या व्यवहारामुळे. जामिनकीच्या धाकाने आजारी पडलेल्या बाईला बैठक संपेपर्यंत बसवून ठेवण्याचे प्रकार होतात. ते तुमच्या संस्थेत होणार नाहीत, हे पहिल्या दिवशी लेखी ठरवा.

मोबाइलवरच्या झटपट कर्जांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा २००७ मध्ये आली आणि २०१२ मध्ये तिच्यावर एम-श्वारी हे झटपट कर्ज सुरू झालं: मुदत ३० दिवस, शुल्क ७.५ टक्के, म्हणजे वर्षाला सरळ हिशेबाने ९० टक्के. घरोघरच्या भेटी आणि बैठकांचा खर्च इथे नाही, तरीही दर असा होता. तुमच्या कर्जदारांच्या फोनमध्ये असं काही आहे का ते बारा रकान्यांच्या कागदावर जरूर विचारा, कारण आजकाल पाचवी वाट बहुतेक वेळा तिथूनच जाते.

आणि बचत. या क्षेत्रात कर्जाची चर्चा फार झाली, बचतीची कमी. इंडोनेशियाच्या बँक रक्यात इंडोनेशियाने १९८४ पासून गावपातळीवरची युनिट्स छोट्या, हवी तेव्हा काढता येणाऱ्या ठेवींवर उभी केली आणि १९९७-९८ च्या आशियाई संकटात ती टिकली. तुम्हाला ठेवी घ्यायचा परवाना बहुधा नसेल, मग त्या घेऊ नका. दुसऱ्याचा पैसा परवान्याशिवाय सांभाळणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि सक्तीची बचत हा त्यातला चोरदरवाजा. पण गटाने स्वतःचा पैसा स्वतः सांभाळायला हरकत नसते. नायजरमध्ये १९९१ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीचं आजचं रूप असं: पंधरा ते तीस जणी, दर बैठकीत प्रत्येकीने एक ते पाच ‘हिस्से’ विकत घ्यायचे, जमलेल्या पैशातून आपसात छोटी कर्जं, आणि नऊ-बारा महिन्यांनी सगळं वाटून घेऊन नव्याने सुरुवात. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, पेटी चौथीकडे. पेटी बैठकीतच उघडते, पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात आणि शिल्लक सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतात. तुमच्या तीनशेपैकी ज्यांच्या कागदावर वाईट महिन्यांत काहीच उरत नाही, त्यांना कर्जाआधी इथे आणा. त्यातल्या अगदी निराधार घरांना कर्ज हे साधनच चुकीचं आहे. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने २००२ पासून अशा घरांना जनावरासारखी मालमत्ता फुकट, काही महिने भत्ता आणि दोन वर्षं घरी येऊन मार्गदर्शन दिलं. या पद्धतीची सहा देशांतली तपासणीही २०१५ मध्येच आली आणि तिथे उत्पन्नातला फरक कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही टिकून होता.

तुमच्यापुरतं म्हणाल तर तीनशेला एकदम सुरुवात करू नका. पहिल्या सहा महिन्यांत पन्नास-साठ जणी, एकच ऑफिसर, चालत जाता येईल एवढाच परिसर. भत्ता पगाराच्या एक पंचमांशाहून जास्त नको, आणि तो वाटलेल्या रकमेवर तर नकोच. पहिली तुकडी निम्मं फेडेपर्यंत दुसरी उघडू नका. पैसे देणाऱ्यांना ९८ टक्क्यांऐवजी तुकडीनुसार थकीत जोखीम द्या, आणि त्यासोबत दर तिमाहीला चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तीस घरांचा ‘गेला हप्ता कुठून आला’ याचा तक्ता. पाचव्या वाटेची घरं तिसांत चारच्या वर गेली तर त्या वस्तीत नवं कर्ज थांबवायचं, हे करारातच लिहून घ्या. मात्र ही विचारणा कर्ज देणाऱ्या ऑफिसरने करायची नाही, कारण त्याला ‘धंद्यातून’ हेच उत्तर मिळेल. दुसऱ्या माणसाला पाठवा, वसुलीचा दिवस सोडून, वही न नेता. त्याने हप्त्यापासून सुरुवात न करता आधी विचारावं की गेल्या आठवड्यात घरात पैसा कोणत्या दिवशी आला आणि कोणत्या दिवशी गेला.